लाल दिवा लागत नाही

व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्पबद्दल जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक आवाजाबद्दल असते. तो कसा उबदार असतो, तार जोरात छेडली की कसा फाटतो आणि फाटूनही कानाला कसा गोड लागतो, वगैरे. हा लेख मात्र मुळात चालूच न होणाऱ्या अ‍ॅम्पबद्दल आहे. नुकता खोक्यातून काढलेला, थर्मोकोलचे कण अजून अंगावर चिकटलेले, आणि किंमत अशी की घरात खरा आकडा कोणाला सांगितलेला नाही. प्लग लावला, बटण दाबले, आणि समोरच्या पट्टीवरचा लाल दिवा लागला नाही.

मालकाचा पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. पैसे त्या काचेच्या नळ्यांसाठीच मोजलेले, त्यामुळे काळजीही त्यांचीच. पण अ‍ॅम्प पूर्ण थंड असेल, म्हणजे दिवा नाही, काचेच्या आत फिलामेंटची लाली नाही, ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुणही नाही, तर व्हॉल्व्ह बव्हंशी निर्दोष असतात. वीज त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते. दोष असतो तो भिंतीतल्या सॉकेटपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या दोन-अडीच मीटरच्या वाटेवर. तिथे ना जादू, ना इतिहास. एक वायर, एक फ्यूज, एक स्विच. म्हणून तिकडे कोणी बघत नाही.

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, एक जुने दुरुस्तीवाले आहेत. त्यांनी नाव छापू नका असे बजावले. कारण विचारले तर म्हणाले, "लोक मग मिक्सर घेऊन येतात." त्यांची सुरुवात व्हॉल्व्हच्या रेडिओपासून. लावल्यावर तापायला वेळ घेणारा, मग हळूच बोलू लागणारा रेडिओ ज्यांच्या घरात होता, त्यांना ही जात माहीत आहे. पुढे गणेश मंडळांचे लाऊडस्पीकर आले. त्या काळच्या मंडपातल्या कर्ण्यांमागे व्हॉल्व्हचेच अ‍ॅम्प्लिफायर असत, आणि विसर्जनाच्या रात्री ते बंद पडले की कार्यकर्ते ह्यांना झोपेतून उठवून नेत. ट्रान्झिस्टरने ती सगळी विद्या निकालात काढली. ह्या काकांना वाटले, संपले. मग काही वर्षांपूर्वी कोथरूड-बाणेरची पोरे गिटारचे अ‍ॅम्प घेऊन येऊ लागली आणि उघडून पाहतात तो आत जुनी ओळखीची मंडळी: ईएल३४, ६एल६, ईसीसी८३ हे व्हॉल्व्ह. "आम्ही ज्याला म्हातारा म्हणून हाकलला, त्याला ह्यांनी दीड लाखाला परत आणलाय," हे त्यांचे एकूण मत.

पोरगा दुकानात शिरतो आणि विचारतो, "काका, ट्यूब गेली असेल का?" काका उत्तर देत नाहीत. ते उलट विचारतात: आला कुठून, लावला कुठे, लावला कशाने? हे ऐकले की पोरांचा थोडा हिरमोड होतो. त्यांना मोठ्या आजाराची तयारी असते.

'लावला कशाने' ह्या प्रश्नातच निम्मी प्रकरणे संपतात, असे काकांचे म्हणणे, आणि मी जेवढे पाहिले त्यावरून मला ते पटते. परदेशी अ‍ॅम्पबरोबर बऱ्याचदा परदेशी प्लग येतो: अमेरिकेचा चपट्या पात्यांचा, युरोपचा जाड गोल, विलायतेचा चौकोनी. आपल्या गोल तीन पिनांच्या सॉकेटात तो बसावा म्हणून आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून पन्नास-साठ रुपयांचा मल्टिप्लग आणतो. तो कुठलाही प्लग घेतो, म्हणजेच कुठलाही नीट धरत नाही. आतली पितळी पाती सैल असतात, अ‍ॅम्पची जाड केबल खाली ओढते, आणि संपर्क सुटतो. अशा कित्येक मल्टिप्लगना अर्थिंगची पिन असते ती दिसण्यापुरती. आत ती कशालाही जोडलेली नसते. अ‍ॅम्प चालू न होण्याशी अर्थिंगचा संबंध नाही. पण लोखंडी चौकटीच्या आत चारशे व्होल्ट बाळगणाऱ्या आणि तारांमधून थेट वाजवणाऱ्याच्या बोटांशी जोडलेल्या यंत्राला अर्थिंग नसणे हे चालू न होण्यापेक्षा वाईट. विलायती प्लगमध्ये आणखी एक गंमत: त्याच्या पोटातच एक फ्यूज असतो. तो उडाला असेल तर अ‍ॅम्पची मागची सगळी तपासणी फुकट.

उपाय साधा आहे. ज्या केबलचे एक टोक अ‍ॅम्पच्या मागे खुपसतात, ती बहुतेक वेळा डेस्कटॉप कॉम्प्युटरचीच असते. घरातल्या चालत्या कॉम्प्युटरची केबल काढून अ‍ॅम्पला लावा, तीही पूर्ण आत दाबून. नव्या यंत्राची खाच घट्ट असते आणि केबल अर्धवट बसली तरी बसल्यासारखी दिसते. सॉकेटही बदलून पाहा. आणि 'टेस्टर लागतोय की' म्हणून सॉकेटला निर्दोष ठरवू नका. टेस्टरचा दिवा फक्त फेज आहे एवढेच सांगतो. न्यूट्रल तुटलेला असेल तरी टेस्टर तितक्याच आनंदाने लागतो. त्याच भोकात टेबलफॅन लावून पाहणे ही जास्त खरी परीक्षा.

इथपर्यंत सगळे ठीक असेल, तर मग 'आला कुठून' हा प्रश्न. न्यू जर्सीतला मावसभाऊ सुट्टीला येताना अ‍ॅम्प घेऊन येतो, कारण तिकडे तो स्वस्त पडतो. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जुन्या पिढीला हे माहीत होते, कारण अमेरिकेहून आलेला मिक्सर किंवा टेपरेकॉर्डर एकदा तरी धूर काढून गेलेला असे. आजच्या पिढीच्या हातात फोनचे आणि लॅपटॉपचे चार्जर आहेत. त्यांच्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते आणि ते जगात कुठेही चालतात. त्यामुळे विजेवर चालणारे सगळेच जगात कुठेही चालते, असा समज अगदी प्रामाणिकपणे झालेला आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर हा लोखंड आणि तांब्याचा जुना, मख्ख प्राणी. त्याला १२० व्होल्टसाठी गुंडाळले असेल तर २३० दिल्यावर त्याचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो, आणि गाभा भरला की विजेचा प्रवाह कशालाच जुमानत नाही. नशीब चांगले असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर आधी ट्रान्सफॉर्मर तापतो, मग वास येतो.

काही अ‍ॅम्पच्या मागे व्होल्टेज निवडण्याचा खटका असतो, काहींच्या आत जोडण्या बदलाव्या लागतात, आणि कित्येकांमध्ये ती सोयच नसते. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत सारे लिहिलेले असते: किती व्होल्ट, किती हर्ट्झ, किती वॅट, कोणता फ्यूज. अ‍ॅम्प विकत घेणारे पुढच्या बाजूवरचे नाव वाचतात. काका अ‍ॅम्प उलटा करून मागची पट्टी वाचतात. १२० व्होल्टचाच असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि तो अ‍ॅम्पच्या आवाजाच्या वॅटवर नव्हे तर त्याच्या विजेच्या खाण्यावर मोजून. दोन ईएल३४ आणि तीन ईसीसी८३ असलेल्या अ‍ॅम्पमध्ये नुसती फिलामेंटे तापवायलाच सुमारे २५ वॅट लागतात. तेव्हा अजून एक सूरही निघालेला नसतो.

परदेशी अ‍ॅम्पची ही डोकेदुखी फक्त आपली नाही. किंबहुना गिटारच्या दुनियेतले एक सर्वांत मोठे नाव त्यातूनच जन्मले. १९६० च्या सुमारास लंडनच्या गिटारवाल्यांना अमेरिकेचा फेंडर बासमन हवा असे, पण आयात केलेला फेंडर त्यांच्या आवाक्याबाहेर होता. हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा ड्रमचा शिक्षक वाद्यांचे दुकान चालवत होता. गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकून त्याने दुकानातला दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण तंत्रज्ञ ह्यांना कामाला लावले. १९६२ साली त्यांनी बासमनची आखणी समोर ठेवून, पण ब्रिटनमध्ये मिळतील ते ट्रान्सफॉर्मर, मिळतील ते व्हॉल्व्ह घालून जेटीएम४५ तयार केला. सुटे भाग वेगळे म्हणून आवाज वेगळा आला, आणि तो वेगळा आवाजच पुढे रॉक संगीताचा आवाज झाला. फेंडर लंडनमध्ये स्वस्त मिळाला असता, तर मार्शल बहुधा ड्रमच शिकवत राहिला असता.

आता फ्यूज. काकांच्या दुकानात फ्यूजवर जेवढे बोलणे होते, तेवढे व्हॉल्व्हवर होत नाही.

केबल जिथे खुपसतो, त्याच खाचेखाली बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये एक छोटा खण असतो. केबल काढली की तो नखाने किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरने बाहेर ओढता येतो. त्यात दोन जागा असतात: पुढे जादा फ्यूज, आत कामाचा फ्यूज. लोक खण अर्धाच ओढतात, पुढचा जादा फ्यूज शाबूत पाहतात आणि 'फ्यूज ओके आहे' असे छातीठोक सांगतात. कामाचा फ्यूज आत उडून बसलेला असतो. आणि काचेतून तार दिसते म्हणजे फ्यूज चांगला, असेही नाही. टोकाच्या टोपीत ती तुटलेली असू शकते. मल्टिमीटर लावून बीप येतो का, एवढाच पुरावा खरा.

उडालेला फ्यूज बदलण्याआधी काका तो उजेडात धरतात. काच स्वच्छ आणि तार मधोमध निमूट तुटलेली असेल, तर थोडा जादा प्रवाह गेला किंवा तार थकली. काच आतून आरशासारखी चकाकत असेल किंवा काळी पडली असेल, तर तार वितळायलाही वेळ मिळाला नाही, तिची वाफ झाली. पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. अशा वेळी दुसरा फ्यूज घालून बटण दाबणे म्हणजे तोच स्फोट पुन्हा विकत घेणे. "गेलेला फ्यूज फेकू नकोस, घेऊन ये," हे ते फोनवर सांगतात, आणि पोरे नेमकी फ्यूज फेकून अ‍ॅम्प घेऊन येतात.

फ्यूजच्या टोपीवर आकड्याआधी एक अक्षर कोरलेले असते. टी असेल तर तो सावकाश उडणारा, एफ असेल तर चटकन. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला टीच लागतो. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या मानाने फारच कमी असतो, शिवाय ट्रान्सफॉर्मरही पहिल्या क्षणी मोठा घोट घेतो. तो घोट पचवण्यापुरती सबुरी फ्यूजमध्ये हवी. शेजारच्या दुकानातून कोणता तरी एक अँपियरचा फ्यूज आणला आणि तो एफ निघाला, तर पूर्ण निरोगी अ‍ॅम्प प्रत्येक वेळी बटण दाबताच फ्यूज खाणार, आणि मालक म्हणणार आत शॉर्ट आहे. आकड्याचाही घोळ होतो. तेवढेच काम १२० व्होल्टवर करायला जवळपास दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून एकाच अ‍ॅम्पला तिकडे दोन अँपियरचा तर इकडे एक अँपियरचा फ्यूज असू शकतो. खटका २३० वर आणला पण फ्यूज तिकडचाच ठेवला, तर अ‍ॅम्प चालतो आणि फ्यूज नावापुरता उरतो.

इथे आपला एक राष्ट्रीय स्वभाव आडवा येतो. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजला हाताने तार बांधण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. तार सारखी उडते म्हणून वायरमन जाड तार बांधत असे, आणि घरचे त्याला हुशार म्हणत. तोच हात आता काचेच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. ह्यावर काका एरवी शांत माणूस असूनही चिडतात. दहा रुपयांच्या फ्यूजने जाणारा जीव ट्रान्सफॉर्मरवर ढकललेला असतो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यायचा तर गुंडाळणारा शोधण्यापासून तयारी.

केबल बरी, व्होल्टेज बरोबर, फ्यूज शाबूत, तरी दिवा नाही. अशा वेळी काका अ‍ॅम्प न उघडता आणखी एक तपासणी करतात, आणि ती मला सगळ्यांत आवडली, कारण ती घरी कोणालाही करता येते. प्लग भिंतीतून काढलेला. अ‍ॅम्पचे बटण मात्र चालू स्थितीत. मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याची दोन टोके प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांना लावायची. वाट अखंड असेल तर केबल, फ्यूज, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी असा सगळा फेरा मीटरला दिसतो आणि काही ओहम ते काही दशक ओहम असा आकडा येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर वाट कुठेतरी तुटली आहे. मग बटण बंद-चालू करत, केबल बदलून, फ्यूज वेगळा मोजून तुटलेली जागा आवळत आणता येते. तिसऱ्या, अर्थच्या पिनेवरून अ‍ॅम्पच्या लोखंडी चौकटीपर्यंत जवळजवळ शून्य ओहम यायला हवा; आणि फेज किंवा न्यूट्रलपासून अर्थपर्यंत काहीच येता कामा नये.

मेलेल्याची आणि मुक्याची गल्लतही वारंवार होते. दिवा आहे, काचेत लाली आहे, पण आवाज नाही, तर तो अ‍ॅम्प बंद नाही, मुका आहे. कित्येक अ‍ॅम्पना दोन बटणे असतात, पॉवर आणि स्टँडबाय. दुसरे चालू केलेलेच नसते. काहींना एचटीचा, म्हणजे उच्च व्होल्टेजचा, वेगळा फ्यूज असतो, तो उडाला तर फिलामेंटे तापत राहतात पण वरचे व्होल्टेज नाहीसे होते. उलटही घडते: जुन्या फेंडरच्या लाल खड्यामागे ६.३ व्होल्टचा ४७ नंबरचा चिमुकला बल्ब असतो. तोच गेलेला, बाकी अ‍ॅम्प ठणठणीत, आणि मालक आवाज न ऐकताच रडत आलेला. आवाज शोधताना स्पीकरची वायर काढून मात्र कधी वाजवू नये. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर त्यात जातो.

फ्यूज नवा घातला की लगेच उडतो, असा अ‍ॅम्प आला की काका भिंतीवरचा सिरीज बोर्ड काढतात. लाकडी पट्टी, एक होल्डर, त्यात १०० वॅटचा तारेचा बल्ब, आणि अ‍ॅम्प त्या बल्बच्या मागे. एलईडी इथे चालत नाही, म्हणून तारेचे बल्ब बाजारातून नाहीसे व्हायच्या आत त्यांनी खोकेभर घेऊन ठेवलेत. मोठे व्हॉल्व्ह काढून वीज दिली आणि बल्ब एकदा भपकन पेटून मंद झाला, तर ट्रान्सफॉर्मर बरा. मग एकेक व्हॉल्व्ह बसवत जायचे. बल्ब ज्याच्या पायी भगभगून पेटला आणि तसाच राहिला, तो आरोपी. इथे खरोखरच व्हॉल्व्ह दोषी निघू शकतो, कारण प्रवासातल्या आदळआपटीत आतल्या जाळ्या एकमेकींना टेकलेल्या असतात. नवा म्हणजे चांगला ही हमी व्हॉल्व्हला लागू नाही. आज गिटारचे व्हॉल्व्ह करणारे मोठे कारखाने मोजकेच: रशियात सारातोवला, स्लोव्हाकियात चादत्साला, आणि चीनमध्ये. २०२२ साली युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची तारांबळ उडाली होती. एके काळी आपल्याकडे बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवत असे. काकांच्या माळ्यावर त्यांची काही पिवळी पडलेली खोकी अजून आहेत. त्यांची किंमत विचारली तर विषय बदलतात.

अ‍ॅम्पची चौकट उघडण्याबद्दल मात्र त्यांच्याकडे चर्चा नाही. आतले मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४५० व्होल्टला भरला की त्यात पाच ज्यूल साठतात, आणि असे कंडेन्सर आत अनेक असतात. मीटरने मोजून, रोधकातून रिकामे करून, पुन्हा मोजून मगच हात घालायचा, तोही एकच; दुसरा खिशात. ज्याला हे नवे वाटते त्याने उघडू नये.

आणि नव्या अ‍ॅम्पच्या बाबतीत ज्याला हे जुने आहे त्यानेही उघडू नये. मी दुकानात असताना एक मुलगी आली, अ‍ॅम्प एका ऑनलाइन दुकानातून मागवलेला. केबल बदलली, फ्यूज बीप देतो, मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट स्पष्ट. प्लगवर मीटर लावले तर आकडाच नाही. काकांनी बटण पाच-सहा वेळा वरखाली केले, कान लावून ऐकले. म्हणाले, "स्विचवरच्या वायरचा लग निसटला असणार. प्रवासात निघतो."

"मग उघडा ना काका. दोन मिनिटांचं काम असेल."

"दोनच मिनिटांचं आहे. पण सील मी तोडलं की उद्या ट्रान्सफॉर्मर गेला तरी कंपनी म्हणेल, त्या म्हाताऱ्यानं घालवला. तू बदलून माग."

विक्रेता आधी म्हणाला, तुमच्याकडच्या व्होल्टेजमुळे झाले असेल. हे उत्तर सर्वांना मिळते. मुलीने प्लगवरच्या मीटरचा व्हिडिओ पाठवला, फ्यूजचा पाठवला, मागच्या पट्टीचा फोटो पाठवला. जादा व्होल्टेजने सर्वांत आधी जाणारा फ्यूज शाबूत असताना दोष विजेवर ढकलता येत नाही, हे तिने काकांनी सांगितले तसे शब्दाला शब्द लिहिले. तरी ऐकले नसते तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक होता. तिथवर जावे लागले नाही. परदेशातून सुटकेसमध्ये आलेल्या अ‍ॅम्पला ही वाट बहुधा नसते, कारण त्याची हमी त्याच देशात राहिलेली असते. स्वस्त पडल्याचा हिशेब करताना हा रकाना कोणी मांडत नाही.

बदली अ‍ॅम्प आला तो तिने चालू करायच्या आधी दुकानात आणला, काकांच्या हुकुमानुसार. प्लग हवेत, बटण चालू, मीटर ओहमवर: १४. काकांनी कागदी चिकटपट्टीवर तारीख आणि १४ ओहम लिहून ती पट्टी अ‍ॅम्पच्या मागे चिकटवली. बंद पडेल तेव्हा तुलना करायला निरोगी असतानाचा आकडा हवा, आणि तो कोणीच घेऊन ठेवत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे. मग मुलीने गिटार जोडायला घेतली, तर त्यांनी थांबवले: आधी नुसती वीज, स्टँडबायवर, दिवा आणि लाली बघू. दिवा लागला. पैसे किती म्हणून तिने विचारले. काका म्हणाले, चिकटपट्टीचे काय घ्यायचे.